इटालियन माणसाला अदबीने कसे विचारावे?

सिंदी मेघेला लागून असलेल्या वर्ध्यात गांधीजींच्या भेटीस आलेल्या लांझा देल वास्तो या इटालियन साधकास गांधीजींनी ‘शांतिदास’ हे नाव दिले. त्यापूर्वी, 1914 साली, जैन साहित्याचे अभ्यासक लुईजी पिओ तेस्सितोरी भारतात आले. आचार्य विजयधर्मसूरींशी त्यांचा स्नेह जडला आणि 1919 साली बिकानेर येथे त्यांचे निधन झाले. हे दोघे शंका घेऊन आपल्याकडे आले. आता आपले सराफ विचेन्झाच्या सुवर्ण-प्रदर्शनास जातात, मुले-मुली मिलानला शिकावयास राहतात. इंग्रजीवर पुष्कळ निभावते. पण समोर वयस्क कारागीर किंवा खानावळीचा आचारी आला की नुसती मान डोलावली जाते, आणि न समजता डोलावलेली मान व्यापाऱ्याला महाग पडते.

मराठी माणसाला एक सोय आहे. इटालियन भाषेतही ‘तू’ म्हणजे तूच. तो घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी. परक्यास ‘लेई’ म्हणावे. या शब्दाचा मूळ अर्थ ‘ती’. म्हणून क्रियापदही तृतीय पुरुषी येते. आपण शेठजींना समोरासमोर “शेठ काय म्हणतात?” असे विचारतो, त्यातलीच ही अदब.

ऐकू आले नाही तर ‘कोझा?’ म्हणू नये. ते आपल्या ‘काय?’सारखे तुटक लागते. ‘कोमे, स्कूझी?’ बरे. त्याहून सौम्य म्हणजे ‘पोत्रेब्बे रिपेतेरे, पेर फावोरे?’, अर्थात ‘कृपया पुन्हा सांगू शकाल का?’ सावकाश हवे असल्यास ‘प्यू लेन्तामेन्ते’ जोडावे. ‘नोन ओ कापीतो’ म्हणजे ‘मला समजले नाही’; हे म्हणण्यात कमीपणा नाही. तिकडचे सभ्य गृहस्थ तर “समजले का?” ऐवजी ‘मी सोनो स्प्येगातो?’, म्हणजे ‘मी नीट सांगितले ना?’, असे विचारून ओझे स्वतःवर घेतात. आपल्या दुकानातही हे शोभेल.

खरी कसोटी आकड्यांची. ‘सेस्सान्ता’ साठ, ‘सेत्तान्ता’ सत्तर. गलबल्यात फरक कळत नाही. ‘से ओ कापीतो ब्येने, सेत्तान्ता?’ (मला नीट समजले असेल तर, सत्तर?) असा भाव परत बोलून घ्यावा आणि ‘पोत्रेब्बे स्क्रीवेर्लो?’ म्हणून कागदावर लिहून मागावा. लिहिलेलेही जपून वाचावे. तिथे दशांशाला स्वल्पविराम व हजारांना टिंब देतात. त्यामुळे 1.250 म्हणजे साडेबाराशे आणि 1,250 म्हणजे केवळ सव्वा.

ताटाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘वेजेतार्यानो’ एवढे सांगून थांबू नये. भाज्यांच्या सूपात मांसाचे पाणी, म्हणजे ‘ब्रोदो दि कार्ने’, असू शकते; पिआदिना नावाच्या पोळीत परंपरेने डुकराची चरबी पडते. पार्मिज्यानो रेज्यानो चीज तर वासराच्या जठरातील रेनेटनेच करावे असा त्याचा नियमच आहे. तेव्हा विचारावे : ‘मी स्कूझी, पोत्रेब्बे दिर्मी से चे काल्यो आनिमाले?’ ‘क्षमा करा, यात प्राणिज रेनेट आहे का, हे सांगाल का?’ यातला ‘काल्यो’ म्हणजे रेनेट आणि ‘आल्यो’ म्हणजे लसूण. दोन्ही एका दमात विचारले तर आचारी एकाचेच उत्तर देईल. म्हणून आधी काल्यो विचारावे, उत्तर ऐकावे, मग लसूण-कांद्यासाठी ‘सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला’ म्हणावे.