ऑनलाइन चर्चा मंच: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांची रचना चार भागांची आहे: व्हिडिओ व्याख्यानं, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकानिरसनासाठी चर्चा मंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्यांना इथून मिळू शकतात. पहिल्या तीन भागांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. चौथ्या भागाबद्दल मात्र विद्यार्थ्यांइतकेच प्राध्यापकांचेही गैरसमज आहेत.

गैरसमज १: वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मग वेगळा मंच कशाला?

वस्तुस्थिती: ग्रुप सूचनांसाठी उत्तम. पण सोमवारी विचारलेली शंका बुधवारपर्यंत परीक्षा फॉर्मच्या तारखा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. शिवाय प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांपुढे उघडा राहतो. मंचावर प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र शीर्षक असतं आणि त्याची उत्तरं त्याच्याच खाली राहतात. पुढच्या वर्षीच्या मुलांनाही ती शोधता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात तर शंका व्हिडिओच्या नेमक्या कोणत्या मिनिटाशी आणि सेकंदाशी निगडित आहे, हेही नोंदवता येतं. नेमकं कुठे अडलं हे सांगता आलं की शंका निम्मी सुटते.

गैरसमज २: जो लिहीत नाही, तो शिकत नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या एमआयटीने २०१२ मध्ये अनंत अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली विद्युत परिपथांचा ऑनलाइन अभ्यासक्रम जगभरासाठी खुला केला. सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावं नोंदवली. त्यातल्या जेमतेम ३ टक्क्यांनी मंचावर काही लिहिलं. मात्र गृहपाठ सोडवताना विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त आधार घेतला तो चर्चा मंचाचाच. पाठ्यपुस्तक आणि व्हिडिओ त्याच्या मागे राहिले. मंचावरच्या एकूण हालचालींपैकी ९० टक्क्यांहून अधिक निव्वळ वाचनाच्या होत्या. म्हणजे एकाने विचारलेली शंका अनेकांचा अडलेला गृहपाठ पुढे नेत होती. म्हणून केवळ पोस्ट मोजून मंच फसला असा निकाल देऊ नये. लिहिण्याचं मोल मात्र याने कमी होत नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक विद्यार्थी मंचावर लिहिते होते.

गैरसमज ३: प्राध्यापकांनी प्रत्येक शंकेला लगेच उत्तर द्यायला हवं.

वस्तुस्थिती: ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठात खगोलशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांमधल्या चर्चा मार्गारेट मॅझोलिनी आणि सारा मॅडिसन यांनी तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की शिक्षक जितके जास्त लिहीत, तितकं विद्यार्थ्यांचं लेखन कमी होई आणि चर्चा आखूड राहत. त्याच वेळी अशा शिक्षकांना विद्यार्थी अधिक उत्साही आणि तज्ज्ञ मानत. म्हणजे शिक्षक दिसायला तर हवेत, पण त्यांनी मुलांच्या तोंडचं उत्तर काढून घेता कामा नये. परीक्षेची तारीख विचारली असेल, तर लगेच सांगावी. संकल्पनेची शंका असेल, तर दिवसभर थांबावं, सूचक प्रतिप्रश्न टाकावा आणि चुकीचं उत्तर मंचावर तसंच राहू देऊ नये. आठवड्याच्या शेवटी चर्चेचं सार लिहावं.

गैरसमज ४: गुण ठेवले की चर्चा आपोआप होते.

वस्तुस्थिती: ‘एक पोस्ट आणि दोन प्रतिसाद सक्तीचे’ असा नियम केला, की ‘छान मांडणी’, ‘सहमत आहे’ अशा ओळींची रांग लागते. चर्चा घडते ती प्रश्नामुळे. ‘महागाई म्हणजे काय?’ याचं उत्तर पुस्तकातून उतरवता येतं. ‘महागाईचा दर घटल्याची बातमी आली, तरी तुमच्या घरचा किराणा स्वस्त का झाला नाही?’ या प्रश्नाला मात्र विचारच करावा लागतो आणि प्रत्येक घराचा हिशेब निराळा निघतो. अनेक विद्यापीठांत वापरल्या जाणाऱ्या ‘मूडल’ या ऑनलाइन अध्यापन प्रणालीत एक सोयही आहे: स्वतःचं उत्तर नोंदवल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत.

गैरसमज ५: हे धीट आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचं काम.

वस्तुस्थिती: आयआयटी कानपूरमध्ये संगणकशास्त्र शिकताना मोजक्याच मुलींपैकी एक असलेल्या पूजा शंकर यांना सोबतच्या मुलांमध्ये जाऊन शंका विचारण्याचा संकोच वाटे. पुढे २००९ मध्ये त्यांनी ‘पियाझा’ हा मंच सुरू केला. तिथे वर्गमित्रांपासून नाव लपवून प्रश्न विचारता येतो. भर वर्गात हात वर करायला धजत नाही, अशा विद्यार्थ्याला मंचावर वाक्य जुळवायला निवांत वेळही मिळतो. ‘मराठीत लिहा, मोडकंतोडकं लिहिलं तरी चालेल’ एवढं प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तर ग्रामीण भागातून आलेल्या कितीतरी मुलांची भीड चेपेल.

गैरसमज ६: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, मंचाची गरज संपली.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये ‘जिल वॉटसन’ नावाची संगणकीय सहायक आपल्या अभ्यासक्रमाच्या मंचावर उत्तरं देण्याच्या कामाला लावली. त्या मंचावर सुमारे ३०० विद्यार्थी एका सत्रात जवळपास १० हजार संदेश लिहीत. जिल नेहमीच्या, ठरावीक प्रश्नांची उत्तरं देई, तीही ९७ टक्के खात्री असेल तेव्हाच. बाकीचे प्रश्न माणसांकडेच राहत. अशा सहायकामुळे शिक्षकांचा वेळ वाचतो हे खरं. पण आपलं म्हणणं दुसऱ्यापुढे मांडून, खोडून, सुधारून पक्कं करण्याचा सराव सहाध्यायांच्या सोबतीनेच होतो.

मंच उघडून देणं हे पाच मिनिटांचं काम आहे, तो चालवणं हे मात्र अध्यापनच आहे. म्हणून महाविद्यालयांनी प्राध्यापकांच्या कार्यभारात त्याचे तास धरावेत. आणि विद्यार्थ्यांनो, या आठवड्यात अडलेली एक तरी शंका मंचावर लिहा. तीच शंका तुमच्या वर्गात आणखी कुणाला तरी नक्की असेल.