धातूंचे इंजिनिअरिंग : कॉलेज निवडताना काय पाहावे?



बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच चर्चा. त्यात पोराने किंवा पोरीने "मेटलर्जी घेतो," "मेटलर्जी घेते" म्हटले, की वडील मंडळी विचारतात, "म्हणजे लोहारकामच ना? त्याला पुण्याला कशाला जायचं?"

उत्तर आपल्या कारखान्यातच आहे. उसाचा रस आम्लधर्मी असतो, तो लोखंड खातो. मिलच्या रोलरचे दाते झिजले की ऊस नीट पिळला जात नाही आणि साखर बगॅसबरोबर जाते. म्हणून दात्यांवर वेल्डिंगचे थर द्यावे लागतात. ऐन हंगामात शाफ्ट मोडला तर गाळप थांबते, अन् तोडलेला ऊस वाळतो तो तुमचा-आमचा! कोणता धातू कुठे वापरावा, तो का झिजला, का मोडला, हे सांगणारे शास्त्र ते हेच. आता त्यात सिरॅमिक, प्लास्टिकही आले, म्हणून 'मटेरिअल्स' हा शब्द जोडला गेला.

पुण्यात या शाखेसाठी पहिले नाव शिवाजीनगरच्या सीओईपीचे. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. राज्याच्या सीईटीवर तेथे प्रवेश मिळतो. नागपूरचे व्हीएनआयटी आणि पवईचे आयआयटी यांना जेईई लागते. मात्र नागपूरला निम्म्या जागा आपल्याच राज्यातील मुलांना असतात, हे ध्यानात ठेवावे. पुण्याचा फायदा असा की मुंढव्याची भारत फोर्ज, पिंपरी-चिंचवड-चाकणचे वाहन कारखाने आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हाकेच्या अंतरावर आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॉम्प्युटरइतक्या कंपन्या या शाखेला येत नाहीत. म्हणून कॉलेजात "नोकऱ्या किती लागल्या?" असे मोघम विचारू नका, "या शाखेच्या किती मुलांना, कोणत्या कामावर?" असे विचारा. प्रयोगशाळा स्वतः पाहा. भट्टी, सूक्ष्मदर्शक, धातू ताणून तोडण्याचे यंत्र मुलांच्या हाताखाली चालते, की नुसते कुलपात आहे?

आता पैशाचे. उसाच्या बिलावर उचल काढून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरण्याची घाई करू नका. सरकारची फी-सवलत सरकारी प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतला तरच मिळते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तेव्हा उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकाला फार जपावे. पहिल्या फेरीत तोच मिळाला तर पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. म्हणून तो क्रमांक शेजाऱ्याला विचारून नव्हे, पोरांना जवळ बसवून भरा. चार वर्षे शिकायचे आहे ते त्यांना.