लाल रंगातली माणसं

पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी मोबाइल कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचे. फ्लोअरवर जाताना स्वतःचा मोबाइल, पेन, कागद सगळं लॉकरमध्ये. लॉगिन केलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ पळू लागायचं. चहा, जेवण, बाथरूम, कॉल न घेण्याच्या प्रत्येक कारणाला वेगळा ऑक्स कोड. टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, स्क्रीनवर आमची नावं रंगांत दिसत: कॉलवर हिरवं, ऑक्समध्ये लाल. लाल जरा रेंगाळलं की फ्लोअरभर हाक, "कोण आहे रे बायो ब्रेकवर?"

कॉल रेकॉर्ड होतो याचं लवकरच काही वाटेनासं होतं. कॉलचा दर्जा तपासणारे क्यूएवाले त्यातले मोजकेच ऐकतात. घड्याळ मात्र एक सेकंदही सोडत नाही. एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, चार मिनिटांच्या आत हवा.

बीडकडच्या एका आजोबांचे न मागितलेल्या कॉलर ट्यूनपायी पैसे कटले होते. पडताळणीसाठी जन्मतारीख विचारली. "थांब माय, आधार कार्डावर बघतो." पेटीची कडी वाजली, मग चष्म्यासाठी सुनेला हाका. आमच्याकडे दहा सेकंदांच्या वर शांतता गेली की 'डेड एअर', गुण कापले. म्हणून मी त्या पेटीलाच सांगत राहिले, "लाइनवर राहिल्याबद्दल धन्यवाद, सर." शेवटी आजोबा खेकसले, "अगं, कुठं गेलो म्या? हितंच हाय की!" पैसे परत मिळाले त्यांना. कॉल गेला अकरा मिनिटांवर आणि मीटिंगमध्ये माझं नाव.

सेकंदासेकंदाचा हा हिशेब काही निव्वळ टीएलचा खवटपणा नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्रांवर आजही कॉल सेंटरची रोस्टर बसतात. फोन काही रांगेने, ठरल्या वेळी येत नाहीत. माणसं जेमतेम असली की एक जण उठला तरी प्रतीक्षा भसाभस वाढते. गणित चोख आहे. माणसं जेमतेमच ठेवा, असं मात्र एर्लांगने सांगितलेलं नाही. ते खर्चाचा हिशेब बघणारे ठरवतात.

आमच्या टीममध्ये सगळ्यात कमी एएचटी असलेल्या मुलाचा फोटो भिंतीवर लागायचा. किचकट तक्रार आली की तो "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणत कॉल सोडून द्यायचा. तोच ग्राहक थोड्या वेळाने आमच्यापैकी कुणाच्या तरी हेडसेटवर यायचा, आणि मग नमस्कार म्हणायच्या आधीच आईबहिणीवरून सुरुवात.