पिशवी काढल्यानंतर मेंदूत काय घडते?

दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यातून हजारो कोयते ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या वाटेला लागतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि एक दिवस बुडाला तरी खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासाला, अंगावरून जाण्याला या हिशेबात जागा नाही. म्हणून अनेक बायकांनी पिशवीच, म्हणजे गर्भाशयच, काढून टाकले. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

शस्त्रक्रियेनंतर कंबर दुखते, अंगात ताकद राहत नाही, हे ऐकून घेतले जाते. पण झोप उडाली, जीव घाबरतो, उगाच रडू येते असे बाई म्हणाली, की ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढेच उत्तर मिळते. या तक्रारींमागे शरीरातले कारण असू शकते आणि ते समजायला मेंदूतल्या रिसेप्टरांकडे, म्हणजे रसायनांचे निरोप टिपणाऱ्या पेशींवरच्या प्रथिनांकडे, जावे लागते.

एक रसायन, अनेक रिसेप्टर

चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करतात, तशाच शांतही करतात. शांत करण्याचे काम मुख्यतः ‘गाबा’ हे रसायन करते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते असल्याचे अमेरिकेतल्या युजीन रॉबर्ट्स यांनी १९५० मध्ये दाखवले. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या खोडात या कामात ग्लायसीनचाही मोठा वाटा असतो.

गाबा एकच असला, तरी त्याला प्रतिसाद देणारे रिसेप्टर अनेक आहेत. ‘गाबा-बी’ संथपणे आणि बराच वेळ काम करतो. ‘गाबा-ए’ क्षणार्धात उघडतो, क्लोराइड आयन पेशीत शिरतात आणि पेशी थंडावते. हा रिसेप्टर पाच प्रथिनांच्या तुकड्यांचा बनतो. असे तुकडे बनवणारी १९ जनुके माणसात आहेत, त्यामुळे त्यांच्या अनेक जुळण्या होतात. कोणती जुळणी मेंदूत कुठे बसली आहे, यावर तिचे काम ठरते.

गॅमा तुकडा असलेले रिसेप्टर बहुधा चेतासंधीत, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, असतात. डायझेपामसारखी झोपेची, चिंतेची औषधे तिथे बसतात. डेल्टा तुकडा असलेले रिसेप्टर चेतासंधीच्या बाहेर असतात. आसपासच्या अगदी थोड्या गाबानेही ते चालू राहतात आणि पेशीला सतत आवर घालतात. डायझेपामला ते दाद देत नाहीत. त्यांच्यावर विशेष प्रभाव पडतो तो ॲलोप्रेग्नॅनोलोनचा आणि हे द्रव्य प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून तयार होते.

बाळंतपणानंतर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते. त्या काळातल्या नैराश्यावर अमेरिकेने मार्च २०१९ मध्ये ब्रेक्सॅनोलोन हे औषध मंजूर केले. ते म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेले ॲलोप्रेग्नॅनोलोनच. ज्या वर्षी बीडमधल्या शस्त्रक्रियांची चौकशी सुरू झाली, त्याच वर्षी बाईच्या संप्रेरकाचा आणि तिच्या मनःस्वास्थ्याचा हा धागा औषधाच्या रूपाने दवाखान्यात पोहोचला.

अंडाशय राहिले का?

दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन तयार होते अंडाशयात. नुसते गर्भाशय काढले तर अंडाशये काम करत राहतात, पण काही जणींत ती लवकर थकतात आणि रजोनिवृत्ती अलीकडे येते. रजोनिवृत्तीपूर्वीच दोन्ही अंडाशये काढली, तर तिथला पुरवठा एका दिवसात थांबतो. अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द मेंदू थोडेफार बनवतात, पण ती भरपाई पुरी पडत नाही. इस्ट्रोजेन घटते ते वेगळेच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात अशा स्त्रियांमध्ये पुढे नैराश्य आणि चिंतेची लक्षणे अधिक आढळली.

अशा बाईला महिनोन्‌महिने नुसती झोपेची गोळी देत राहणे हा उपाय नव्हे. गोळी मेंदूतल्या वेगळ्या रिसेप्टरांवर काम करते, तिची सवय लागते आणि गेलेले संप्रेरक ती परत आणत नाही.

चौकशीनंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. ते आवश्यकच होते. पण परवानगीचा कागद तपासताना आणखी काही विचारले जायला हवे: औषधाने भागले नसते का, अंडाशये का काढायची, आणि हे बाईला समजेल अशा भाषेत सांगितले का? ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या कार्डावर अंडाशये आहेत की नाहीत याची स्पष्ट नोंद हवी. त्यांच्या झोपेची आणि मनाची विचारपूस गावातल्या आशाताईंपासून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे व्हायला हवी. मूल झाले की पिशवीचे काम संपले, असे सांगून तिशीतल्या बाईच्या पोटातले अवयव काढणे म्हणजे तिच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या आरोग्याचा निर्णय घेणे होय. तो निर्णय मुकादमाच्या खाड्यावर ठरता कामा नये.