घरात परीक्षार्थी मुलगी असेल तर...

मुलगी पदवीधर होते आणि एक दिवस जाहीर करते, "आई, मी यूपीएससी करणार." वडील कौतुकाने चार जणांना सांगून मोकळे होतात. आजी विचारते, "म्हणजे स्थळं बघायची थांबवायची का?" आईला मात्र कळत नाही, की ही परीक्षा आहे तरी कशी आणि चालायची किती वर्षं? मैत्रिणींनो, एवढं समजून घेतलंत तरी घरातली बरीच धुसफूस कमी होईल.

परीक्षेचे टप्पे तीन. आधी पूर्वपरीक्षा : एकाच दिवशी दोन पेपर, पर्याय निवडायचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात, तेव्हा ठोकून देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या पेपरात, म्हणजे 'सीसॅट'मध्ये, २०० पैकी ६६ गुण मिळाले की पुरे. म्हणूनच मुली "तो होईल गं" म्हणून बाजूला ठेवतात आणि कित्येकींची गाडी नेमकी तिथेच अडते.

खरी कसोटी मुख्य परीक्षेची. एकूण नऊ पेपर. त्यांतले भाषेचे दोन नुसते पास व्हायचे, उरलेल्या सातांचे प्रत्येकी २५० गुण. त्यांत मुलाखतीचे २७५ मिळवले की एकूण होतात २,०२५. पूर्वपरीक्षेचे गुण यात धरतच नाहीत. उत्तरं मराठीतून लिहिता येतात, वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्यही घेता येतं. पण भाषेचे पेपर सोडले तर प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. मराठीतून लिहिणारीलाही इंग्रजी वाचायची सवय हवीच.

आता हिशेब बघा. सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत साधारण वीस उत्तरं लिहायची, म्हणजे एकाला नऊ मिनिटं! कुकर चढवल्यापासून शिट्ट्या होईपर्यंत प्रश्न वाचून, विचार करून, दीडशे ते अडीचशे शब्द उतरलेले हवेत. हे नुसत्या वाचनाने जमत नाही. घड्याळ लावून, सलग तीन तास बसून लिहायचा सराव लागतो. आणि इथेच घराचा संबंध येतो. मुलगा अभ्यासाला बसला की सगळं घर चवड्यांवर चालतं. मुलगी बसली की "पाचच मिनिटं ये गं, पाहुण्यांना पाणी दे." तिची पाच मिनिटं म्हणजे निम्मं उत्तर गेलं, आणि मोडलेली तंद्री लागायला आणखी अर्धा तास. तिला बदाम-दूध नाही दिलंत तरी चालेल, बंद दाराआडचे तीन तास मात्र द्या.

दुसरं, संधी मोजक्याच असतात. खुल्या गटाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा, इतर मागासवर्गीयांना ३५ पर्यंत नऊ. अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षांपर्यंत संख्येचं बंधन नाही. नुसता फॉर्म भरला तर संधी खर्ची पडत नाही, पण पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसलं तरी पडते. तेव्हा "फॉर्म भरलाय ना, मग जाऊन ये, अनुभव येईल" हा सल्ला महागात पडू शकतो. २०२४ साली ९,९२,५९९ अर्ज आले होते, बसले ५,८३,२१३. शेवटी निवड झाली १,००९ जणांची, त्यांत महिला २८४. हे आकडे घाबरवायला नाही सांगत. किती वर्षं द्यायची, जोडीला एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा ठेवायची का, हे आधीच घरात बसून ठरवा. निकालाच्या दिवशी, डोळ्यांत पाणी असताना, असली बोलणी करू नयेत.

राहिला लग्नाचा प्रश्न. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या, त्या सेवेतल्या पहिल्या महिला. त्या काळी या सेवेतल्या स्त्रीला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे, आणि संसार कामाच्या आड येईल असं वाटलं तर सरकार राजीनामाही मागू शके. पुरुषांना असला जाच नव्हता. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायालयाने या नियमांवर कडक ताशेरे ओढले. नियम केव्हाच गेला. पण "परीक्षा देईल, मात्र घरचं सगळं सांभाळून" अशी अट घालणारी सासरं तो अजून पाळतातच की! लग्न ठरवताना हे स्पष्ट बोलून घ्या, त्यात संकोच कसला?

विवाहितांसाठी आणखी एक. महिलांना या परीक्षेची फी नाही. इतर मागासवर्गाच्या सवलतीसाठी 'नॉन-क्रीमीलेअर' ठरतं ते आईवडिलांच्या परिस्थितीवरून, नवऱ्याच्या पगारावरून नव्हे. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र धरतात. म्हणजे लागणारे बरेचसे कागद माहेरच्या कपाटातच असतात. लेकीच्या रुखवताबरोबर ती फाइलही पाठवा बरं का!