रहस्यकथेचे पहिले पान

सदलग्यास दूधगंगेच्या काठी काय, किंवा निपाणीच्या तंबाखूपेठेत काय, जुन्या वास्तूला भयकथा चिकटण्यास फारसा वेळ लागत नाही. माजघराला चार वर्षे कुलूप राहिले, परसातील आड बुजविला, एखादी वखार ओस पडली, की लोक तेथे कोणाला तरी वावरताना पाहू लागतात. मात्र गावगप्पेतील भुताची उलटतपासणी कोणी करीत नाही. रहस्यकथेतील भुतास शेवटच्या पानापर्यंत पिंजऱ्यात उभे राहावे लागते. म्हणूनच तिचा आरंभ साधणे कठीण. वाचकाच्या अंगावर काटा तर यावा, आणि त्याच वेळी उलगड्याचा धागा त्याच्या डोळ्यांसमोर, परंतु लक्षात न येईल अशा बेताने, पडलेला असावा.

आमच्या सीमाभागातील अनेक घरांत बाबूराव अर्नाळकरांचे (१९०६–१९९६) झुंजार आणि काळापहाड वडिलांची नजर चुकवून वाचले गेले, तसेच कन्नडमधील एन. नरसिंहय्यांच्या पुरुषोत्तमाची साहसेही. या पुस्तकांना हलकी म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. बंद दाराआड कोण आहे, हे भिण्याऐवजी विचारावे, ही सवय याच पुस्तकांनी कित्येकांना लावली.

आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द स्पेकल्ड बँड’ (१८९२) ही कथा पाहावी. एप्रिलमधील एका सकाळी काळ्या वेषातील एक स्त्री थरथरत होम्सकडे येते. थंडीने नव्हे, भीतीने. वय तिशीचे, पण केस पिकू लागलेले. तिच्या मागे एक पडके घर, बहिणीचा गूढ मृत्यू आणि मध्यरात्री ऐकू येणारी शीळ. परंतु हे सारे ती सांगण्यापूर्वीच होम्सने तिच्या डाव्या बाहीवरील ताजा चिखल आणि हातमोज्यातील परतीचे अर्धे तिकीट पाहिलेले असते. भय आणि निरीक्षण एकाच दारातून आत येतात ते असे.

विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीचा आरंभ तर आमच्याच कर्नाटकात, श्रीरंगपट्टणच्या पाडावाच्या दिवशी, ४ मे १७९९ रोजी होतो. टिपूच्या शस्त्रागारात एका हाती मशाल व दुसऱ्या हाती रक्ताळलेला खंजीर घेऊन हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी उभा आहे. खंजिराच्या मुठीत चंद्रदेवतेचा हिरा आहे, आणि मरणारा रक्षक त्या हिऱ्याचा सूड बजावून प्राण सोडतो. इंग्रज वाचकास यात पूर्वेकडचा शाप दिसला असेल. श्रीरंगपट्टणपासून फार दूर नसलेल्या आम्हांस प्रथम दिसतो तो चोर. आणि कॉलिन्सने तो लपविलेला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. (लुटीचे पाप एकट्या गोऱ्यांच्या माथी मारता येणार नाही, हेही खरे. टिपूविरुद्धच्या आधीच्या युद्धात, १७९१ मध्ये, मराठी फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला होता.)

पान उलटताच आपण यॉर्कशायरमधील एका सुखवस्तू घरात येतो. निवेदन करतो गॅब्रिएल बेटरेज हा वृद्ध कारभारी, ज्याची ‘रॉबिन्सन क्रुसो’वर पोथीसारखी श्रद्धा. रक्तपातानंतर ही मिस्किल घरगुती बडबड! पण याच घरातील रेचेलला अठराव्या वाढदिवशी तो हिरा भेट मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. गारुड्यांच्या वेषातील तीन ब्राह्मण आसपास घोटाळत असल्याने संशय सहजच त्यांच्याकडे जातो.

मग गुलाबांचा षौकीन असलेला सार्जंट कफ येतो. रेचेलच्या खोलीच्या नुकत्याच रंगविलेल्या दारावर एके ठिकाणी रंग फासटलेला असतो. आधीच्या पोलीस अधिकाऱ्याने दासींच्या घागऱ्यांना दोष देऊन ती गोष्ट सोडून दिलेली. कफ मात्र तो रंग कधी वाळला याचा हिशेब मांडतो आणि डाग लागलेले वस्त्र शोधण्यासाठी घरातील सर्वांच्या कपड्यांची झडती मागतो. शाप, देवता, गारुडी सारे क्षणात मागे पडते. सर्व जण राजी होतात. नकार देते ती एकटी रेचेल, जिचा हिरा गेला आहे.