काकूंच्या गाडीचं नाक

एके काळी खंडाळ्याचा घाट चढताना एक दृश्य हटकून दिसायचं. वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली फियाट, तिच्यातून निघणारी वाफ, कडेच्या दगडावर बसलेलं कुटुंब आणि ‘अरे थांब, आत्ता झाकण उघडू नकोस!’ असं ओरडणारे कोणी तरी वडीलधारे. आमच्या पिढीची रेडिएटरशी ओळख झाली ती अशी, घाटात. गाडीला तहान लागते, ती भागवली नाही तर ती रस्त्यात बसकण मारते, एवढंच आमचं यंत्रज्ञान. पुढची सारी हयात बँकेत गेली आणि या ज्ञानात भर पडायचं काही कारण उरलं नाही.

भर पडली ती गेल्या वर्षी, मुलीकडे इंग्लंडमध्ये राहायला गेलो तेव्हा. बर्मिंगहॅमजवळच्या त्या गावात तिच्या शेजारी एक वृद्ध दांपत्य राहतं. मुलीनं आपल्या पद्धतीनं त्यांना ‘काका’ आणि ‘काकू’ करून टाकलंय. काका निवृत्त फिटर, काकू निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६८ सालची, निळ्या रंगाची फोक्सवॅगन बीटल. ती काकूंची. नोकरी लागल्यावर त्यांनी जुनी विकत घेतली आणि हप्ते स्वतः फेडले. हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला, की माझ्यातला कर्ज-अधिकारी सुखावला.

बीटल म्हणजे भुंगेरा. नाव अगदी सार्थ. पुढे गोल नाक, मागे गोल पाठ. इंजिन मागच्या बाजूला, डिकी पुढे. आणि या गाडीला रेडिएटर नाही. इंजिनाला गार ठेवतो तो एक पंखा, वाऱ्याच्या जोरावर. जर्मनीत १९३० च्या दशकात फर्डिनंड पोर्शे यांनी गाडी आखली तेव्हा साधा हिशेब होता : पाणी कडाक्याच्या थंडीत गोठतं, उन्हाळ्यात उकळतं, हवा यातलं काहीच करत नाही. युद्धानंतर मोडकळीला आलेला तो कारखाना आयव्हन हर्स्ट नावाच्या ब्रिटिश मेजरनं पुन्हा उभा केला, आणि २००३ च्या जुलैमध्ये मेक्सिकोत शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक भुंगेरे जगभर पसरले.

मग काकांना हे चांगलं चाललेलं मोडायची बुद्धी का झाली? कारण एकच, काकूंचे पाय. हवेवर गार होणाऱ्या या इंजिनाची ऊब गाडीत पोचते ती एक्झॉस्टच्या पाइपांभोवतून, लांबचा प्रवास करून, आणि वाटेतच दमते. पन्नासहून अधिक हिवाळे काकूंनी गुडघ्यांवर घोंगडी घेऊन गाडी चालवली. आता संधिवातानं त्यांना ते सोसत नव्हतं. नवी गाडी घ्यायला त्या तयार नव्हत्या. मूळ इंजिनही थकलेलं. काकांनी ठरवलं, सुबारूचं इंजिन बसवायचं. त्याचेही चार सिलिंडर दोन-दोन करून दोन्ही बाजूंना आडवे पहुडलेले असतात, त्यामुळे बीटलच्या पाठीत ते सामावतं. मध्ये एक जोडपट्टी टाकली की जुन्या गिअरबॉक्सलाही जुळतं. पण ते पाण्यावर गार होतं. म्हणजे हीटरला कढत पाणी मिळणार. आणि म्हणजेच, रेडिएटर आला.

तो ठेवायचा कुठे? मागे इंजिनाशेजारी जागा अपुरी, आणि तिथे पोचणारी हवाही धड नाही. ताजा, गार वारा गाडीला सामोरा येतो तो नाकावर. फोक्सवॅगन कंपनीनंही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मागे इंजिन असलेली आपली व्हॅन पाण्यावर आणली तेव्हा रेडिएटर पुढेच नेला होता. तेव्हा जागा ठरली. अडचण होती काकूंची. ‘‘तिचं तोंड कापायचं नाही,’’ त्यांनी बजावलं. ‘‘मी समोर उभी राहिले तर मला माझीच गाडी दिसली पाहिजे.’’

पुष्कळ तडजोडीनंतर करार झाला. बंपरच्या आड, खालच्या पत्र्यात, उभ्यानं दिसणार नाही एवढाच काप. त्याच्यामागे, जिथे स्टेपनी असते त्या खोलगट जागेत, रेडिएटर किंचित मागे रेलून बसवायचा. स्टेपनी गेली मागच्या सीटवर. तेव्हा कळलं की या गाडीत काचेवर पाणी उडवण्याचा जोर स्टेपनीतल्या हवेतून येतो! जागा बदलली आणि त्या कामाला एक छोटा विजेचा पंप आणावा लागला. बँकेत एका टेबलावरचा माणूस हलवला की तिसऱ्याच खात्याचं काम अडायचं, त्याची आठवण झाली.

इंजिन एका टोकाला, रेडिएटर दुसऱ्या. गाडीच्या तळाखालून एक पाइप कढत पाणी पुढे नेणार, दुसरा निवालेलं परत आणणार. ये-जा मिळून पाच-सहा मीटर. माझ्याकडे टॉर्च धरण्याचं काम होतं, आणि कागदपत्रांचं. इंजिन बदललं की नोंदणी खात्याला नवा क्रमांक कळवायचा, विमा कंपनीला सांगायचं. ते मात्र मी चोख केलं.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं. तापमानाचा काटा खाली, शांत. मी काकांचं अभिनंदन करून मोकळा झालो. ते मात्र वाकून रेडिएटरला हात लावून पाहत होते. तो गारच. त्यांनी झटकन इंजिन बंद केलं. लांब पाइपात हवेचा फुगा अडकला होता. पाणी फिरतच नव्हतं, आणि काट्याचा संवेदक पाण्याऐवजी त्या फुग्यात असल्यानं ‘सर्व ठीक’ सांगत होता. तक्रारवही कोरी आहे म्हणून शाखा उत्तम चालली आहे, असा अहवाल लिहिणारे अधिकारी मी पाहिले आहेत. क्वचित तो मीच लिहिला आहे. दुसऱ्या दिवशी गाडीचं नाक जॅकवर उंच करून, रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे संपून पाण्याची सलग धार येईपर्यंत काका थांबले. हवा वर चढते. तिला वरूनच वाट द्यावी लागते.

तरी संपलं नाही. गल्लीत गाडी ठीक चाले, मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की तापे. मला हे उलटंच वाटलं. घाटातल्या फियाटी तर रांगताना तापायच्या. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘हवेला आत यायला दार केलं, बाहेर जायला केलंच नाही.’’ वेगात हवा त्या खोलगट जागेत कोंडत होती. कोंडलेल्या हवेपुढे नवी हवा शिरेना. आत ओढणारा पंखा सावकाश चालताना पुरे पडत होता, वेगात नाही. उपाय एकच, त्या जागेचा तळ कापून ऊन हवेला खाली वाट देणं. आणि रेडिएटरच्या कडा रबरानं बंद करणं, म्हणजे वारा बगल देऊन निसटणार नाही.

पण हा दुसरा काप करारात नव्हता. रात्री काका काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. न विचारता कापलं असतं तर त्यांना कधी कळलंही नसतं. तो तळ पाहायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. काकूंनी ऐकून घेतलं. ‘‘कापलेला तुकडा ठेव,’’ एवढंच म्हणाल्या. तो तुकडा, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून, जुन्या इंजिनाशेजारी गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे. पुढे कुणाला गाडी पूर्ववत करावीशी वाटली तर.

पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा इंजिनातलं पाणी उचलून नेतं आणि वाऱ्यावर सोडून देतं. त्यातला चिमूटभर हीटरला मिळाला तरी पुरतो. नोव्हेंबरात परतीच्या आदल्या दिवशी काकूंनी मला फिरवून आणलं. बाहेर धुकं, गवतावर पांढरा थर. काटा मध्यावर स्थिर. पण मी आता काट्यावर विसंबणाऱ्यांतला राहिलो नाही, दर थांब्याला कान इंजिनाकडे लावत होतो. काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. पाच मैलांवर त्यांनी एका हातानं गुडघ्यांवरची घोंगडी काढली, घडी न घालता मागे टाकली. ती जाऊन पडली स्टेपनीवर.

घरी परतल्यावर त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या. निळं गोल नाक, दोन दिवे, चकचकीत बंपर. ‘‘हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तीच आहे.’’